रामटेक परिसरातील घराचे मूल्य : पांढरी, मालगुजारी आणि नझूल यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

स्थावर मालमत्तेचे मूल्यांकन करणारा अभियंता घराची किंमत ठरविताना जागेचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय, रस्त्याची रुंदी, पाण्याची सोय आणि बाजारपेठेपासूनचे अंतर या बाबी विचारात घेतो. या बाबी खऱ्या आहेत, परंतु त्या सर्वकालीन नाहीत. घर ही खरेदी-विक्रीची वस्तू आहे हे गृहीत धरल्यानंतरच त्यांना अर्थ प्राप्त होतो. ज्या काळात घराखालची जमीन विकण्याचा अधिकार घरात राहणाऱ्यास नव्हता, त्या काळात घराचे मूल्य कशावर अवलंबून होते, हा प्रश्न अर्थशास्त्रापेक्षा इतिहासाच्या कक्षेत अधिक येतो. नागपूर जिल्ह्यातील रामटेक हे नगर या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष सोयीचे आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांपासून वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यांपर्यंतचा दीर्घ पट या एकाच परिसरात उलगडता येतो. आणि नागपूरसारख्या राजधानीच्या शहराजवळ असूनही रामटेकचे स्वतःचे नगरजीवन टिकून राहिले आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या परिसरात घराचे मूल्य भिंतींवर आणि छपरावर क्वचितच ठरले. राहणाऱ्यास तेथून कोण उठवू शकतो, आणि राहणारा ते घर कोणास देऊ शकतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरत आले.

ताम्रपटातील घर

रामटेकच्या दक्षिणेस जवळच असलेले नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन होय, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. २०१५ ते २०१८ या काळात तेथे झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मातीची मुद्रा सापडल्याने या मतास बळकटी मिळाली. चंद्रगुप्त विक्रमादित्याची ही कन्या वाकाटक घराण्यात दिली गेली आणि पतीच्या निधनानंतर तिने राज्यकारभार पाहिला. तिचा रिद्धपूर येथे मिळालेला ताम्रपट रामगिरीस्वामीच्या पायाशी, म्हणजे रामटेकच्या टेकडीवरील देवाच्या साक्षीने दिलेला आहे. मेघदूतातील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ज्या पुराव्यांच्या आधारे मांडले, त्यांत या ताम्रपटाचे स्थान महत्त्वाचे आहे. साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष त्यामुळे या एका उल्लेखाकडेच राहिले. दानात नेमके काय दिले गेले याकडे तुलनेने कमी पाहिले गेले.

दान आहे एका शेताचे. त्यासोबत शेतावरचे घर आणि कर्षकांची, म्हणजे शेत कसणाऱ्यांची, चार घरे. या नोंदीतून घराच्या मूल्याविषयी एक मूलभूत गोष्ट स्पष्ट होते. कसणाऱ्याचे घर येथे स्वतंत्र संपत्ती म्हणून दिलेले नाही. शेत दान घेणाऱ्यास उपयोगी पडावे म्हणून ते शेताबरोबर गेले आहे. त्या चार घरांचे मूल्य त्यांच्या मातीत वा लाकडात नसून त्यांत राहणाऱ्या माणसांच्या श्रमात होते. घर हलते तेव्हा त्यातील कुटुंब एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे जाते, असा हा व्यवहार आहे.

वाकाटकांच्या अन्य दानपत्रांत गावे देताना ज्या सवलतींची यादी येते तीही या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. सैनिक व राजसेवक गावात शिरणार नाहीत, गावाने दूध, फुले, कातडी, कोळसा पुरवावयाचा नाही, मीठ खणण्यावर राजाचा हक्क राहणार नाही, जमिनीतील गुप्तधन व ठेवा घेणाऱ्याचा राहील, अशा त्या सवलती आहेत. ज्या गोष्टींतून सूट द्यावी लागते त्या गोष्टी इतरत्र प्रचलित असणार, हे उघड आहे. दानात न मिळालेल्या सामान्य गावात राजाचा माणूस दारात येऊन दूध मागू शकत होता. तेव्हा ज्या घराच्या दारात तो येऊ शकत नव्हता ते घर अधिक मोलाचे, असे म्हणता येईल. सूट हाच त्या काळातील घराच्या मूल्याचा सर्वांत मोठा घटक होता.

काळी आणि पांढरी

मराठी ग्रामव्यवस्थेत जमिनीचे दोन भाग मानले जातात. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मातीच्या घरांच्या पडझडीने, राखेने व केरकचऱ्याने वस्तीची जमीन पांढुरकी होते, यावरून हा शब्द आला असावा. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात हा भेद करआकारणीचाही पाया होता. शेतकऱ्याकडून काळीचा सारा घेतला जाई, तर जे शेती करीत नाहीत अशा विणकर, तेली, व्यापारी, कारागीर यांच्याकडून पांढरीची पट्टी वसूल होई. नागपूरचे रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांच्या १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात या व्यवस्थेचे वर्णन आढळते. इंग्रजांनीही पांढरीची पट्टी दीर्घकाळ पुढे चालविली.

जेन्किन्स यांचा अहवाल प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच वर्षी, १८२६ मध्ये, जर्मनीत योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन याने शहरापासूनच्या अंतरावर जमिनीचा खंड कसा अवलंबून असतो याची मांडणी केली. आजचे नगर-अर्थशास्त्र घरांच्या किमतीचा विचार करताना त्या मांडणीपर्यंत मागे जाते. रामटेकला मात्र ती तशीच लागू पडत नाही. पांढरीची पट्टी घराच्या अंतरावर वा आकारावर बसविली जात नसे. घरात राहणारा काय धंदा करतो आणि त्याची ऐपत किती, यावर ती ठरे. कर घरावरचा, परंतु मोजमाप माणसाचे, असा हा प्रकार होता.

रामटेकच्या बाबतीत आणखी एक घटक होता, तो म्हणजे क्षेत्र. भोसल्यांचे संस्थापक पहिले रघुजी यांची या स्थानावर श्रद्धा होती व त्यांच्या काळात अठराव्या शतकात गडावरील मंदिरांचा जीर्णोद्धार झाला. गडाच्या पायथ्याशी असलेल्या अंबाळा तलावाच्या काठी घाट व मंदिरे उभी राहिली. तेथे श्राद्धादी विधी होऊ लागले. रामनवमी आणि कार्तिकातील त्रिपुरी पौर्णिमा यांच्या यात्रांना दूरदूरचे लोक येत. यात्रेच्या मार्गावरील घराला ओसरी असेल, विहिरीला पाणी असेल, तर त्या घराला वर्षातून काही दिवस वेगळेच मोल येते. उपाध्यायाच्या घराचे मोल तर यजमानांच्या वहीवर असते. वही ज्याच्याकडे, त्याच्याकडे यात्रेकरू उतरणार. असे घर दुसऱ्यास विकले आणि वही विकली नाही, तर घेणाऱ्याच्या हाती भिंती तेवढ्या राहतात. बाजारभावाचे कोणतेही कोष्टक हे मूल्य टिपू शकत नाही.

मालगुजारी गावातील घर : मलबा विकता येतो, जागा नाही

१८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि १८६० च्या दशकातील जमाबंदीत गावच्या मालगुजारांना, जे मूलतः सारा गोळा करणारे होते, गावाचे मालक म्हणून मान्यता देण्यात आली. रामटेक परिसरातील घरांच्या इतिहासात यापेक्षा मोठी घटना नाही. मुंबई इलाख्याच्या रयतवारी भागात शेतकरी थेट सरकारचा खातेदार होता व गावठाणातील घर त्याचे होते. मध्य प्रांतात मात्र शेताबरोबर गावाची आबादीही मालगुजाराची झाली. महाराष्ट्राच्या ग्रामीण घराविषयी लिहिताना पश्चिम महाराष्ट्राचा नमुना सर्वत्र लावण्याची जी सवय आहे, ती येथे दिशाभूल करणारी ठरते.

गावच्या चालीरीती वाजिब-उल-अर्ज या कागदात नोंदविल्या जात. सामान्य रीत अशी होती की, गावातील कुळास आणि गावकी करणाऱ्या कारागिरास घर बांधण्यास आबादीत जागा मिळे व तिचे भाडे त्यास द्यावे लागत नसे. वरवर पाहता ही सवलत उदार वाटते. परंतु जागा त्याची नव्हती. तो जोवर गावात शेत कसतो वा गावाचे काम करतो तोवर ती त्याच्याकडे राहणार. गाव सोडताना तो घराचा मलबा, म्हणजे मयाली, दारे-खिडक्या, कवेलू, नेऊ शके किंवा विकू शके. जागा मालगुजाराकडे परत जाई. गावात नव्याने येणाऱ्या व शेती न करणाऱ्या माणसास मालगुजाराची संमती घ्यावी लागे आणि संमतीला नजराणा लागे.

या रीतीचा परिणाम बांधकामावर झाल्याशिवाय राहिला नाही. ज्याला फक्त मलबा नेता येणार, तो नेता येईल अशाच वस्तूंत पैसा घालणार. मातीच्या भिंती, वर सागवानी खांब व मयाली, त्यांवर कवेलू, ही या भागातील साध्या घराची रचना केवळ हवामानाने किंवा जवळच्या जंगलाने ठरविलेली नाही. दगड-चुन्याची पक्की भिंत उखडून नेता येत नाही; सागवानी मयाल बैलगाडीवर नेता येते. पक्का वाडा बांधला तो बहुधा मालगुजाराने. जागा त्याची होती म्हणून भिंतही त्याची राहणार होती. घरांच्या या दोन प्रकारांतील अंतर श्रीमंती-गरिबीचे जेवढे होते तेवढेच हक्काचेही होते.

वस्तीची जातवार मांडणी हाही मूल्याचा एक कठोर घटक होता. कोणत्या आळीत कोण घर घेऊ शकतो हे पैशाने ठरत नव्हते. महार, मांग, चांभार यांची वस्ती गावाबाहेर. तेथील घरास गावात गिऱ्हाईक नाही आणि तेथील माणसास गावात घर नाही. ज्या वस्तूला एकाच वर्गातील खरेदीदार मिळू शकतो, तिची किंमत त्या वर्गाच्या ऐपतीपलीकडे जाऊ शकत नाही. गावाबाहेरच्या वस्तीतील घराचे अल्पमूल्य हे तेथील गरिबीचे फळ तर होतेच. परंतु ते गरिबीचे कारणही होते, कारण अशा घरावर सावकार कर्ज देत नसे.

पान, मँगनीज आणि रेल्वे

रामटेक नगराची स्थिती खेड्यांहून निराळी होती. १८६७ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे पावणेनऊ हजार होती. नगराच्या व्यापारात विड्याच्या पानांना मोठे स्थान होते. बारी समाजाचे पानमळे तलावांच्या पाण्यावर अवलंबून होते. पानवेल ही दररोजच्या देखरेखीची वस्तू असल्याने मळ्याजवळचे घर बारी कुटुंबास बाजारपेठेजवळच्या घरापेक्षा अधिक उपयोगाचे असे. पाण्याची जवळीक हा येथे निवासाच्या सोयीचा प्रश्न नव्हता. तो उपजीविकेचा होता.

१९०० च्या सुमारास मनसर येथे मँगनीजचे खाणकाम सुरू झाले. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या कंपनीने हे काम हाती घेतले. मनसर, कांद्री या खेड्यांत मजूर, मुकादम, कारकून आले. कन्हानहून रामटेकपर्यंत बंगाल-नागपूर रेल्वेची शाखा आली. घरांच्या मूल्याच्या दृष्टीने या बदलाचे स्वरूप दुहेरी होते. भाड्याने राहणारा वर्ग प्रथमच मोठ्या संख्येने निर्माण झाला, आणि भाडे हा घराच्या मूल्याचा स्वतंत्र आधार बनला. परंतु खाणमजुराची झोपडी वा चाळ कंपनीच्या जागेत होती. काम गेले की घर गेले. मालगुजाराच्या कुळाची जी स्थिती, तीच नव्या उद्योगातील मजुराची झाली. मालक तेवढा बदलला. पुढे १९६२ मध्ये मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेडची स्थापना झाली आणि १९७७ मध्ये ती पूर्णतः शासकीय मालकीची झाली. तरी कामगार वसाहतीतील घर हे नोकरीशीच बांधलेले राहिले.

रामटेक हे त्या रेल्वे शाखेचे शेवटचे स्थानक. नागपूर-जबलपूर हा हमरस्ता मात्र रामटेकमधून न जाता काही किलोमीटर पश्चिमेस मनसरवरून जातो. तोच पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ आणि आता क्रमांक ४४ झाला. तीर्थाचे गाव एकीकडे आणि रस्त्याचे गाव दुसरीकडे, या विभागणीमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुकान-घराचे मूल्य मनसर फाट्याकडे सरकले, तर जुन्या रामटेकमधील वाड्यांचे मूल्य तुलनेने स्थिर राहिले. इतिहासाच्या दृष्टीने हे नगराच्या पथ्यावरच पडले असे म्हणावे लागेल. मोठ्या रस्त्यावर असते तर जे वाडे आज पडीक का होईना उभे आहेत, ते केव्हाच पाडले गेले असते.

१९५१ नंतर

मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियम १९५० मध्ये संमत झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होते. या कायद्याची चर्चा सामान्यतः शेतजमिनीच्या संदर्भात होते. परंतु त्याच्या पाचव्या कलमाने गावठाणातील घराच्या इतिहासाला कलाटणी दिली. त्यानुसार आबादीतील इमारती, मोबदला देऊन घेतलेल्या मोकळ्या जागा, दीर्घकाळ कब्ज्यात असलेली आवारे, त्यांतील विहिरी व झाडे ज्याची होती त्याच्याकडेच कायम राहिली, मग तो माजी मालगुजार असो वा अन्य कोणी. मलब्यापुरता असलेला हक्क घराखालच्या जमिनीपर्यंत पोहोचला. गावातील मातीचे घर त्या दिवसापासून वेगळे झाले, जरी त्याचे एक कवेलूही हलले नव्हते.

मालगुजारास मात्र वाडा राहिला आणि गाव गेले. ज्या उत्पन्नावर वाडा उभा होता ते नाहीसे झाल्यावर त्याची देखभाल हा भार झाला. पुढील दोन-तीन पिढ्यांत अशा वाड्यांचे सागवान विकले जाणे हा विदर्भात सर्वत्र दिसणारा प्रकार आहे. मलबा विकण्याची पाळी अखेर मालकावर आली.

नगरांतील प्रश्न निराळा होता. मध्य प्रांतातील नगरांत शासनाच्या मालकीच्या बिनशेती जागा नझूल म्हणून ओळखल्या जातात व त्या भाडेपट्ट्याने दिल्या जात. घर भाडेपट्टाधारकाचे, जमीन शासनाची. मुदत सामान्यतः तीस वर्षांची. मुदत संपत आली की घराचे बाजारमूल्य घटते, नूतनीकरण झाले की वाढते. म्हणजे शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांची किंमत केवळ पट्ट्याच्या तारखेवरून भिन्न होऊ शकते. बँक कर्ज देताना हीच तारीख प्रथम पाहते. २०१९ मध्ये व पुन्हा २०२४ मध्ये शासनाने नागपूर व अमरावती विभागांतील निवासी नझूल पट्टे अधिमूल्य भरून मालकी हक्कात रूपांतरित करण्याची योजना आणली. येथेही अधिमूल्य बाजारमूल्याच्या प्रमाणात आकारले जाते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बाजारभाव वाढला तर मालकी महाग होते.

भाडेनियंत्रणाने मूल्यावर उलट दिशेने परिणाम केला. मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश, १९४९ हा ज्या नगरांना लागू होता तेथे भाडेकरूस जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी घरमालकास भाडेनियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. हा आदेश ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात येईपर्यंत चालू होता. भाडेकरू असलेल्या घराची किंमत रिकाम्या घराहून कमी, हे त्यामुळे सर्वमान्य झाले. नगरपालिकाही त्यात सापडल्या. घरपट्टी वार्षिक भाडेमूल्यावर बसते, आणि जेथे प्रमाण भाडे ठरविता येते तेथे त्याहून अधिक भाडेमूल्य धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलतराय कपूर खटल्यात १९७९ मध्ये स्पष्ट केले. भाडे गोठले तिथे कर गोठला, आणि कर गोठला तिथे ज्या रस्ते-नाल्यांमुळे घराचे मूल्य वाढते त्यांसाठी पैसा राहिला नाही.

रामटेकमध्ये भाड्याची मागणी मात्र वाढत गेली. १९८५ मध्ये कविकुलगुरू तंत्रविज्ञान संस्था आणि १९९७ मध्ये कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय येथे स्थापन झाले. विद्यार्थ्यांसाठी खोल्या देणे हा एक उत्पन्नाचा मार्ग झाला. कालिदासाच्या नावाने घराला भाडे मिळावे, हा योग गमतीचा असला तरी अर्थशास्त्रीय दृष्ट्या तो यात्रेच्या ओसरीचाच पुढचा टप्पा आहे. खिंडसी तलाव व पेंचचे जंगल यांच्यामुळे पर्यटनाचीही भर पडली आणि तलावाकडील शेतजमिनींचे अकृषिक भूखंडांत रूपांतर होऊ लागले.

कोष्टकातील घर आणि वाटणीतील घर

१९९५ च्या नियमांनंतर मुद्रांक शुल्कासाठी वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता वापरला जातो. त्यालाच बोलीभाषेत रेडीरेकनर म्हणतात. त्यात बांधकामाचे आर.सी.सी., इतर पक्के, अर्धे पक्के, कच्चे असे वर्ग असून वयानुसार घसारा वजा होतो. शंभर वर्षांचा सागवानी वाडा या कोष्टकात अर्धा पक्का वा कच्चा ठरतो आणि घसारा जाता त्याचे बांधकाममूल्य नाममात्र उरते. शिल्लक राहते ती जागा. ज्या परिसरात एकेकाळी जागेला मोल नव्हते आणि लाकडाला होते, तेथे आता नेमकी उलट गणना होते.

परंतु असे कितीतरी वाडे विकले जात नाहीत, आणि त्याचे कारण कोष्टकात सापडत नाही. ते वारसाहक्कात आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या तेविसाव्या कलमानुसार कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलगे करीत नाहीत तोवर मुलीस मागता येत नव्हती. अविवाहित, परित्यक्ता किंवा विधवा मुलीस राहण्याचा हक्क होता, एवढेच. शेताचा हिस्सा कागदावर तरी मिळे. घराचा हिस्सा मिळत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून हे कलम वगळण्यात आले आणि त्याच दुरुस्तीने मुलीस जन्मतः सहदायाद मानण्यात आले. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय दिला.

या बदलाने वाड्याच्या मूल्यात एक नवी बाब आली. पूर्वी तीन भावांच्या सह्यांनी होणाऱ्या विक्रीस आता लग्न होऊन नागपूर, भंडारा, जबलपूर येथे गेलेल्या बहिणींच्याही सह्या लागतात. खरेदीदार प्रथम वारसांची यादी मागतो आणि एक सही कमी असली तर भाव पाडतो किंवा व्यवहार सोडतो. त्यामुळे हक्कसोडपत्रासाठी बहिणीवर दबाव येतो. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते आणि दस्तात मोबदल्याच्या रकान्यात काहीच नसते. जिने सही केली नाही तिच्या हिश्शाला प्रथमच पैशात सांगता येणारी किंमत आली आहे. रामटेकच्या जुन्या आळ्यांतून कुलूपबंद दिसणाऱ्या घरांपैकी काहींच्या दारामागे पडीक मालमत्ता नसून अशी न झालेली वाटणी आहे.